पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड : उन्हापासून जपा, एकाच प्रतीवर विसंबू नका

देवगाव फाटा (जि. परभणी) - मंठा, जिंतूर आणि सेलू येथून येणारे रस्ते जेथे मिळतात, त्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यावर उन्हाळ्यात वऱ्हाडाच्या गाड्यांची ये-जा वाढते. मराठवाड्यातील लगीनसराई ऐन एप्रिल-मे महिन्यांत असते आणि याच काळात परभणी जिल्ह्यातील कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पुण्या-मुंबईहून गावाकडील लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात, मोबाइलमध्ये आणि छायाचित्रकाराच्या पिशवीत त्या दिवसाची एकमेव नोंद असते ती नखाएवढ्या मेमरी कार्डात. हे कार्ड बंद मोटारीत समोरच्या काचेखाली राहिले, तर त्याला हवेतील तापमानापेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागते. लग्न पुन्हा लावता येत नाही आणि गेलेल्या आजोबांचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड कोठे आणि कसे ठेवावे, हा प्रश्न केवळ काहीशे रुपयांच्या वस्तूचा राहत नाही.

माहिती टिकते कशी?

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड या दोन्हींचा गाभा 'फ्लॅश मेमरी' हाच आहे. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये हे तंत्र जगासमोर मांडले. १९८७ मध्ये त्याचा 'नँड' हा प्रकार पुढे आला आणि आजच्या बहुतेक साठवण साधनांचा तोच पाया ठरला. तोशिबा, मात्सुशिता व सॅनडिस्क या कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्डाची घोषणा केली, तर २००० मध्ये पेन ड्राइव्ह बाजारात आले. सुरुवातीच्या पेन ड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी होती, तरीही १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढे ती मोठी वाटत असे.

फ्लॅश मेमरीत फिरणारी तबकडी किंवा चुंबकीय फीत नसते. चिपमधील कोट्यवधी सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भाराच्या कमी-अधिक प्रमाणावरून माहिती वाचली जाते. कप्प्याभोवतीचे विद्युतरोधक आवरण अत्यंत पातळ असते. त्यातून भार अतिशय मंद गतीने का होईना, पण झिरपत राहतो. उष्णता वाढली की ही गळती वाढते. प्रत्येक वेळी माहिती पुसून नवी लिहिताना आवरण थोडे झिजते. म्हणून जुने, भरपूर वापरलेले कार्ड नव्या कार्डापेक्षा लवकर माहिती 'विसरते'. जुन्या पद्धतीच्या चिपमध्ये एका कप्प्यात एकच बिट साठविला जाई व तो कप्पा सुमारे एक लाख वेळा लिहिता-पुसता येत असे. आजच्या स्वस्त साधनांत एकाच कप्प्यात तीन ते चार बिट बसविले जातात आणि ही मर्यादा हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. क्षमता वाढली, किंमत उतरली. मात्र टिकाऊपणाची जागा कमी झाली.

उन्हाळा आणि मोटार

पेन ड्राइव्ह वापरताना सभोवतालचे तापमान किती असावे, याची कमाल मर्यादा कंपनीनुसार साधारणतः ४५ ते ६० अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काचेलगतच्या भागाचे तापमान ७० अंशांपर्यंत जाऊ शकते. एका दुपारीत सर्व माहिती नाहीशी होईल असे नाही. परंतु गाणी ऐकण्यासाठी मोटारीत किंवा ट्रॅक्टरवर कायम लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये महत्त्वाची कागदपत्रे ठेवू नयेत, हे उघड आहे.

दीर्घकाळ कपाटात पडून राहणे हेही धोक्याचेच. अर्धवाहक उद्योगाची मानके ठरविणाऱ्या 'जेडेक' या संस्थेच्या मानकानुसार, घरगुती संगणकातील एसएसडीने लेखनाची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरल्यानंतर वीजपुरवठा नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकविणे अपेक्षित आहे. नव्या व कमी वापरलेल्या साधनात माहिती याहून बरीच अधिक वर्षे राहते. मात्र पेन ड्राइव्हवर पाच वर्षांची वॉरंटी छापलेली असली, तरी ती वस्तू बदलून देण्याची असते. आतील छायाचित्रांची नव्हे.

धूळ, ओल आणि खंडित वीज

उन्हाळ्यानंतर पावसाळ्यात ओलाव्याचा प्रश्न येतो. दमट हवेत संपर्कपट्ट्यांवर डाग पडतात, काळ्या मातीची बारीक धूळ खोबणीत साचते आणि कार्ड संगणकाला दिसेनासे होते. म्हणून पेन ड्राइव्हचे टोपण लावून व मेमरी कार्ड त्याच्या प्लास्टिकच्या डबीत घालून, घट्ट झाकणाच्या लहान डब्यात ठेवावे. डब्यात सिलिका जेलची एक-दोन पाकिटे टाकावीत. हा डबा माळ्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली न ठेवता घरातील सर्वांत थंड खोलीतील कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवणे चांगले.

कपड्यांबरोबर धुतला गेलेला पेन ड्राइव्ह बहुधा वाचतो. पण तो ओला असताना संगणकाला लावला, तर शॉर्टसर्किट होऊन निकामी होण्याची भीती असते. पंख्याखाली दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा. तांदळात पुरून ठेवल्यास तांदळाची भुकटीच आत जाते.

माहिती लिहिली जात असताना वीज गेल्यास किंवा ड्राइव्ह ओढून काढल्यास फायलींची अनुक्रमणिका बिघडते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ड्राइव्ह चटकन काढता येईल अशी मूळ मांडणी करण्यात आली. तरीही फाइल लिहून पूर्ण झाली आहे याची खात्री करून, 'सेफली रिमूव्ह' करूनच ड्राइव्ह काढण्याची सवय हितकारक ठरते. यूपीएस नसलेल्या संगणकावर मोठी फाइल उतरवीत असताना मूळ प्रत पुसण्याची घाई करू नये. 'ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?' अशी सूचना दिसल्यास होकार न देता त्या साधनाचा वापर थांबवावा. नवी माहिती वर लिहिली गेली नसेल, तर जुन्या फायली परत मिळविण्याची शक्यता शिल्लक असते.

चुंबकाजवळ ठेवल्याने मेमरी कार्ड पुसले जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. तो फ्लॉपी आणि कॅसेटच्या काळातून आला. विमानतळावरील सामान तपासणीच्या क्ष-किरणांमुळेही कार्डातील माहितीला बाधा येत नाही.

नोंद न्यायालयात जाते तेव्हा

साठवलेल्या चित्रीकरणाचे मोल शेजारच्या जालना जिल्ह्याने अनुभवले आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचा वाद निर्माण झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण त्यात कळीचे ठरले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ साधन न्यायालयात सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्रात नोंदीचे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये किंचितही बदल झाला, तर ते बदलते. त्यामुळे अपघाताचे किंवा जमिनीच्या वादाचे चित्रीकरण असलेले मूळ कार्ड पुसून पुन्हा वापरू नये. ते काढून वेगळे, चिठ्ठी लावून ठेवावे.

तीन प्रती, दोन प्रकार, एक परगावी

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला '३-२-१' नियम घरगुती वापरासही योग्य आहे. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा शहरातील नातेवाइकांकडे, अशी विभागणी सहज करता येते. पेन ड्राइव्ह हे माहिती एका जागेहून दुसरीकडे नेण्याचे उत्तम वाहन आहे. तिजोरी म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये.

हे लक्षात ठेवा

- लग्नाचे कार्ड हाती येताच त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. फायली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामे करू नका.
- प्रत्येक साधनावर वर्ष व विषयाची चिठ्ठी लावा. लहान कार्डाची चिठ्ठी त्याच्या डबीवर चिकटवा.
- दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत वर्षातून एकदा सर्व साधने तपासा. नुसते संगणकाला लावणे पुरेसे नाही. फायली संगणकावर उतरवून, त्या उघडतात याची खात्री करून, नंतर साधनावर पुन्हा लिहा.
- झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात नेण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा. परत आल्यावर तो व्हायरससाठी तपासा.
- एसडी कार्डाच्या कडेची 'लॉक' कळ वापरा. त्यामुळे चुकून पुसणे टळते. मायक्रोएसडी कार्डाला ही सोय नसते.
- काहीशे रुपयांत 'दोन टीबी' क्षमता देऊ करणारी कार्डे टाळा. बनावट कार्डात प्रत्यक्ष क्षमता फारच कमी असते आणि ती संपल्यावर भरलेल्या फायली उघडतच नाहीत.
- वारंवार 'एरर' दाखविणाऱ्या साधनातील माहिती तातडीने दुसरीकडे हलवा आणि ते साधन वापरातून काढून टाका.