एक रुपयाची गोळी

पालकसभा संपली की काही आया मागे थांबतात. मागच्या वेळी एकीने हळूच विचारलं, "आपा, आशाताई एक रुपयात गोळ्यांचं पाकीट देते. इतकी स्वस्त गोळी चांगली असेल का?"

मी डॉक्टर नाही, भाषा शिकवते. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात आहे.

दिवस राहू नयेत हा विचार आपल्यात नवा नाही. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये अज्लची, म्हणजे पुरुषाने घ्यायच्या खबरदारीची, सविस्तर चर्चा केली आहे. गोळी मात्र गेल्या शतकातली. तिला लागणारं संप्रेरक आधी प्राण्यांच्या अवयवांतून काढत, ते सोन्याहून महाग पडे. 1940 च्या दशकात रसेल मार्कर यांनी ते मेक्सिकोतल्या रानकंदापासून बनवलं आणि भाव कोसळला. 1951 मध्ये मेक्सिकोतच कार्ल जेरासी आणि लुईस मिरामोंतेस यांनी तोंडाने घेता येईल असं संप्रेरक तयार केलं.

1956 मध्ये अशा गोळीची मोठी चाचणी झाली ती प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत. गोळीने मूल राहणार नाही एवढंच त्या बायकांना सांगितलं होतं. आपल्यावर प्रयोग चाललाय हे नव्हे. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी नोंदवलं की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात. वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. 1960 मध्ये अमेरिकेत 'एनोविड'ला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. पुढे रक्तात गुठळ्या होण्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

1970 मध्ये अमेरिकी सिनेटने यावर सुनावणी घेतली, पण गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नाही. शेवटी प्रेक्षकांत बसलेल्या बायकाच उभ्या राहून प्रश्न विचारू लागल्या. त्यानंतर पाकिटात माहितीपत्रक घालणं सक्तीचं झालं आणि गोळीतली मात्राही कमी होत गेली.

पहिल्या एनोविडच्या एका गोळीत इस्ट्रोजेन 0.15 मिलिग्रॅम होतं. आपल्या माला-एनमध्ये ते 0.03 आहे. पाकिटातल्या 21 गोळ्या औषधाच्या आणि 7 लोहाच्या. या औषधावर आता कुणा एका कंपनीची मक्तेदारी नाही, अनेक कारखाने ते बनवतात. बाकीचा खर्च सरकार उचलतं. सरकारी दवाखान्यात तर माला-एन फुकट मिळते. म्हणून भाव एक रुपया. औषध हलकं आहे म्हणून नव्हे.

तरी ती प्रत्येकीसाठी नाही. रक्तदाब जास्त असेल, गुठळीचा आजार झालेला असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर ही गोळी घेऊ नये. टीबीच्या रिफाम्पिसिनने तिचा असर कमी होतो. सुरुवातीला मळमळ किंवा थोडं रक्त दिसणं होतं, ते बहुधा दोन-तीन महिन्यांत थांबतं. पण पाय सुजून दुखला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्या बाईला मी एवढंच म्हटलं, "स्वस्त आहे म्हणून घाबरू नकोस. पण घेण्याआधी रक्तदाब मोजून घे आणि डॉक्टरीणबाईंना सगळं विचार. विचारायला लाजू नकोस. कुणीतरी विचारलं म्हणूनच ही गोळी सुधारली."