तालमीतील थोरला गडी

आर्वी किंवा हिंगणघाटकडील एखाद्या खेड्यातून कबड्डीत नाव कमावलेला मुलगा वर्ध्याच्या महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याच्या बळाला कोणी उणे म्हणत नाही. उणे असते ते निराळेच. सराव आणि वर्ग यांची वेळ कशी जुळवावी, दुखरा गुडघा कोणाला दाखवावा, खानावळीतील कोणते अन्न अंगी लागते, हे त्याला प्राध्यापक सांगत नाहीत; सांगतो तो दोन वर्षे आधी आलेला खेळाडू. ही वाट महाविद्यालयांनी शोधून काढलेली नव्हे. ती तालमीतून आली आहे.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांची वर्गवारी वय व बळ पाहून केलेली आढळते. तालमीत वस्ताद एक आणि पोरे अनेक. सर्वांकडे त्याची नजर पुरणार कशी? म्हणून नव्या पोराला हौदा उकरण्यास, जोर काढताना दम राखण्यास शिकवी तो थोरला गडी. मल्लखांबावर पकड सुटली तर झेलणारे हातही त्याचेच. शिवाय त्याची चूक ताजी असते. गेल्या वर्षी ज्या डावात आपण चीत झालो, तो त्याला पुरता आठवत असतो. वस्तादाला आपले पहिले वर्ष कधीच विस्मरलेले असते!

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेस आणलेली मल्लखांबविद्या पुढे पसरली ती अशीच, शिष्याकडून शिष्याकडे. वर्ध्याच्या शेजारी अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्यातून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

तथापि थोरलेपणाचा अधिकार नासला म्हणजे त्याचा छळ होतो. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम काढून, दर सहा नवागतांमागे स्वेच्छेने पुढे आलेला एक वरिष्ठ विद्यार्थी, आणि अशा सहांवर त्याहून वरच्या वर्गातील एक, अशी उतरंड सांगितली. म्हणजे वरच्या एकाच्या पदरी छत्तीस नवागत आले. आकडे सरकारी, मांडणी मात्र तालमीची. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने निराळी तोड काढली: तेथे नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात घालविण्याची प्रथा पडली.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र एक पेच उरतो, आणि त्याला नियमांत उत्तर नाही. कबड्डीच्या मैदानात एका बाजूचे गडी सातच उतरतात. डावा कोपरा सांभाळणाऱ्या वरिष्ठाने नव्या मुलाला घोट्याची पकड मनापासून शिकवावी, तर पुढील आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आपली जागा त्यालाच जाण्याचा संभव. तालमीत हा प्रश्न इतका बोचत नसे. तेथे गड्याचा जोड बहुधा दुसऱ्या तालमीचा असे, आणि आपल्या तालमीचे पोर जिंकले की गुलाल सर्वांच्याच अंगावर पडे. महाविद्यालयातील तीन-चार वर्षे सरली की वरिष्ठाचे मैदान सुटणारच असते. तो कोपरा तो केव्हा सोडतो, शेवटच्या वर्षाच्या प्रारंभी की शेवटच्या सामन्यानंतर, यावर त्या मुलाचे पहिले वर्ष अवलंबून राहते.