किल्लारीचा भूकंप व माळवदाची घरे : एक ऐतिहासिक अवलोकन

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. ६.२ इतक्या मध्यम परिमाणाच्या भूकंपात एवढी जीवितहानी का झाली, याचे उत्तर प्रामुख्याने गृहरचनेत आढळते.

मराठवाड्यात दगडमातीच्या रुंद भिंती व त्यांवर जाड मातीचे माळवद, ही परंपरागत पद्धती होती. उन्हाळ्यात गारवा देणारी ही रचना हादऱ्यांत घातक ठरली. भिंतीचे आतील व बाहेरील थर सांधणारे आरपार दगड नसल्याने थर विलग होऊन ढासळले आणि माळवदाचा भार निद्रिस्तांवर कोसळला. काही घरांत भिंती पडल्या, तरी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या. भूकंप उथळ असल्याने किल्लारीजवळील शेतजमीनही भेगाळून उचलली गेली.

तत्कालीन भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या क्षेत्रात समाविष्ट झाला. भूकंपानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. सारांश, भिंतीची जाडी म्हणजे मजबुती हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज या आपत्तीने खोटा ठरविला. दगडांची परस्पर बांधणी व छताचा हलकेपणा यांवरच रहिवाशांचे प्राण अवलंबून होते.