पापणीवरची गाठ आणि शिवणकाम करणारी बाई

मनमाडकर मित्रांनो, आज राजकारण नाही. घरातलं सांगतो.

आमचे अण्णा रेल्वेत होते. ४७ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्याआधी आत्या गेली, ती ‘पोटाच्या दुखण्याने’. कसलं दुखणं, कुणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात माझ्या पापणीजवळ पिवळसर बारीक गाठ आली. आतड्याच्या कॅन्सरचा आणि कातडीचा काही संबंध असतो, एवढं ऐकून होतो. झोप उडाली. मग वाचत बसलो.

१८९५ ची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव. तिथले डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली की आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही लवकर जाणार. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या सगळ्या गोतावळ्याची माहिती जमवली आणि १९१३ साली छापली. ती बाई खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली.

पुढे १९६६ मध्ये डॉ. हेन्री लिंच यांनी अशीच घराणी मांडली. त्यांच्याच नावाने हा दोष आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. १९६७ ला म्यूर आणि १९६८ ला टॉर यांनी दाखवलं की अशा काही लोकांच्या कातडीवर, विशेषतः चेहऱ्यावर, तैलग्रंथींच्या गाठी येतात. १९९३ पासून यामागची जनुकं सापडत गेली. आई किंवा वडिलांत हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात, मग मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी.

घाबरू नका. चेहऱ्यावरचे बहुतेक तीळ, चामखीळ, पुटकुळ्या साध्याच असतात. माझी गाठ काढून तपासली, साधीच निघाली. पण घरचा इतिहास ऐकून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करायला सांगितली आहे, आणि मी ती करणार. आतड्यातला मोड वेळेवर सापडला तर कॅन्सर होण्याआधीच काढता येतो.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. आपल्याकडचे किती जण पंचवटीने तिथे जातात! पण बरेच जण उशिरा जातात.

सव्वाशे वर्षांपूर्वी त्या बाईला जे ठाऊक होतं, ते आपण घरात लपवतो. आज संध्याकाळी घरातल्या थोरल्यांजवळ वही घेऊन बसा. कोण, कशाने, कितव्या वर्षी गेलं, ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आमच्या वहीत आत्याच्या नावापुढची जागा अजून कोरीच आहे.