अस्थिसंधिशोथ

हाडांच्या टोकांवरील कूर्चेचा ऱ्हास, तिच्याखालील हाडाचे घट्ट होणे, सांध्याच्या कडेने अस्थिकंटक वाढणे आणि सांध्याच्या अस्तराचा सौम्य दाह या विकृती ज्यात एकत्र आढळतात, असा सांध्यांचा चिरकारी विकार. लोकव्यवहारात यास ‘संधिवात’ किंवा नुसते ‘गुडघे झिजणे’ म्हणतात. गुडघा, खुबा, पाठीचा कणा, अंगठ्याचे मूळ व बोटांची टोकाकडील पेरे ही याची नेहमीची ठाणी होत. घोटा व कोपर यांना पूर्वीची इजा नसेल तर तो सहसा त्यांच्या वाटेस जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लक्ष लोकांस हा विकार होता व त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या घरोघरच्या पाहणीतही आमवातापेक्षा याचेच रुग्ण कितीतरी पटींनी अधिक आढळले.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिच्या वजनाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग पाणी असून, चालताना दाब पडला की स्पंजाप्रमाणे ते पिळून निघते व दाब सरताच पोषक संधिद्रवासह पुन्हा आत शोषले जाते. सबब, सांध्याची हालचाल हीच तिच्या पोषणाची तरतूद ठरते. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नमूद केले होते. त्यावरून सर्वसामान्य माणूस जो निष्कर्ष काढतो, की जे झिजते ते वापरूच नये, तो मात्र या विकारातील निम्म्या दुःखाचे कारण आहे. निजून राहिलेल्या रुग्णाच्या मांडीचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायू सांध्यावरील भार पेलेनासे होतात, आणि वेदना वाढते ती वापरामुळे नव्हे, तर वापर थांबविल्यामुळे. शिवाय हा विकार केवळ घर्षणाचा असता, तर स्थूल माणसांच्या बोटांच्या सांध्यांत तो अधिक आढळण्याचे कारण नव्हते, कारण बोटांवर कोणी चालत नाही. मेदातून स्रवणारी दाहजनक द्रव्येही यास हातभार लावतात, असे आता मानले जाते. वाढते वय, आनुवंशिकता, रजोनिवृत्ती, सांध्याची जुनी दुखापत व दीर्घकाळ उकिडवे किंवा गुडघे टेकून करावे लागणारे काम ही इतर कारणे होत.

श्रमाने वाढणारी व विसाव्याने शमणारी वेदना, आणि सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसल्यानंतर येणारा, साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरणारा ताठरपणा ही प्रमुख लक्षणे. ताठरपणा तास-तासभर टिकत असेल, किंवा सांधा लाल, ऊन व सुजलेला असून ज्वरही असेल, तर दुसऱ्या रोगाचा शोध घ्यावा. केल्ग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये क्ष-किरणचित्रांवरून ठरविलेल्या शून्य ते चार या श्रेणी आजही प्रचारात आहेत; परंतु चित्र भयावह असून बिनतक्रार हिंडणारी माणसे पुष्कळ असतात व उलट उदाहरणेही असतात, तेव्हा इलाज माणसाचा करावा, चित्राचा नव्हे.

उपचारांत अग्रस्थान व्यायामाचे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे यांसारख्या साध्या व्यायामांनी मांडीचा पुढील स्नायू बळकट होतो, आणि चालणे वा पोहणे याने इतर लाभही होतात. आरंभी किंचित दुखले म्हणून सोडून देऊ नये. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती त्याच बाजूस धरतात. औषधांत डायक्लोफिनॅकचा लेप पहिल्याने योजावा. पोटात घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्यांचा अंमल जठर, मूत्रपिंडे व रक्तदाब यांवरही होत असल्याने त्या वैद्यकीय सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेऊ नयेत. सांध्यातील स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो, त्यापलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा नाही. ग्लुकोसामीनचा लाभ संशयास्पद आहे. दुर्बिणीने सांधा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया २००२ मध्ये ह्यूस्टन येथील चाचणीत लटक्या शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही.

हे सर्व करूनही रात्रीची झोप मोडत असेल व चालणे खुंटले असेल, तर सांधारोपण करावे. खुब्याचे आधुनिक रोपण जॉन चार्नली यांनी इंग्लंडात १९६२ च्या सुमारास रूढ केले. गुडघ्याचे पुढील दशकात स्थिरावले. बसविलेल्या संपूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, असा अदमास आहे. भारतात २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातल्याने ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गीयांच्या काहीशी आवाक्यात आली. शस्त्रक्रियेनंतर वेदना बहुधा जाते, पण जमिनीवर मांडी घालून बसणे पुष्कळांना सोडावे लागते, आणि पूजेला वा पंगतीला पाटावर बसण्याची सवय असलेल्या माणसाने ही गोष्ट संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच शल्यचिकित्सकास विचारून घ्यावी.