खोताचे खळे आणि महाडची कचेरी

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड-पोलादपूर म्हटले की रायगड, उमरठ आणि शिवकाल डोळ्यांपुढे उभा राहतो. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ साली, या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत इथल्या कुळाने काय सोसले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

इंग्रज सरकारने इथली जुनी खोती मोडली नाही. तिला कायद्याचा आधार दिला. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ. ठरलेली रक्कम खजिन्यात पडली की सरकार निश्चिंत होई. कूळ मात्र पिकाचाच वाटा देई. अर्धे पीक देणारा तो अर्धेल, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेल. त्यावर वेठीचा भार वेगळा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुटुंबाच्या कणगीत मग उरणार ते किती? त्याच्या दृष्टीने राज्यसत्ता खोताच्या खळ्यावरच उभी होती.

या अन्यायाविरुद्धचा आवाज महाडातच बुलंद झाला. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. ज्यांना पाणी नाकारले होते, त्यांतील बहुतेकांना जमीनही नव्हती. पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क हे प्रश्न एकाच मुळातून फुटले होते. या लढ्यात साथ देणारे महाडचे सुरबानाना टिपणीस १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी २० ते २५ हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. तिकडे अलिबागेजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालूच होता. तो सहा वर्षे टिकला. विधेयक मात्र मंजूर झाले नाही.

पुढे 'चले जाव'चे वारे आले. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा चालून गेला. पोलिसांनी गोळीबार केला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते आदी वीर धारातीर्थी पडले. ज्या कचेरीत साऱ्याचा हिशेब होई, तिच्याच दाराशी साम्राज्याला जाब विचारला गेला.

१९४७ साली इंग्रज गेले. खोती संपविणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. राज्यकर्ते बदलल्याने कुळाची कणगी आपोआप भरत नाही, हा या दोन वर्षांमधील अंतराचा अर्थ. म्हणून हुतात्म्यांना वंदन करताना खळ्यावर अर्धे पीक मोजून देणाऱ्या त्या अनाम कुळांनाही आपण विसरू नये. स्वातंत्र्याची त्यांची मागणी पोटातून आलेली होती.