गाडी आपली, कुलूप कंपनीचं

आजची गोष्ट सुरू होते एका वादळापासून.

सप्टेंबर 2017. 'इर्मा' नावाचं चक्रीवादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडे निघालं होतं. सुमारे 65 लाख लोकांना घर सोडून जायला सांगितलं गेलं. त्यात काही जणांकडे टेस्लाच्या विजेवरच्या गाड्या होत्या. त्यातल्या एका स्वस्त मॉडेलला 60 किलोवॅट-तासांचीच बॅटरी वापरता यायची. पण गाडीच्या पोटात प्रत्यक्षात बसवलेली होती 75 ची! वरचा हिस्सा सॉफ्टवेअरनं कुलूपबंद. जादा पैसे भरा, मग उघडेल.

वादळाच्या वाटेतल्या एका मालकानं कंपनीला विनंती केली. कंपनीनं त्याच्यासाठी आणि त्या भागातल्या इतरांसाठीही हे कुलूप काही दिवसांपुरतं उघडलं. गाडीला कुणी हातही लावला नाही, आणि ती एका चार्जमध्ये सुमारे 50 किलोमीटर जास्त धावायला लागली. संकट सरलं, कुलूप पुन्हा लागलं.

मदत झाली, हे खरंच. पण मग ती बॅटरी होती कुणाची?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर दीडशेहून जास्त वर्षं मागे जायला हवं. 1849 साली ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली. काही डब्यांना छप्पर नसायचं, बसायला नुसत्या फळ्या. का? छपराला फार खर्च येतो म्हणून? नाही. द्युपुईचं म्हणणं असं, की तिसरा वर्ग बरा केला तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारे लोकही तिथेच येऊन बसतील. म्हणजे गरिबाला भिजवायचं, ते खिशात चार पैसे असणाऱ्याला घाबरवण्यासाठी!

ही युक्ती पुढे यंत्रांमध्ये शिरली. 1990 साली आयबीएमनं एक लेझर प्रिंटर विकायला काढला. मिनिटाला 10 पानं छापणारा महाग, 5 पानं छापणारा स्वस्त. आतलं यंत्र जवळपास तेच. स्वस्त प्रिंटरमध्ये फक्त त्याला थांबवून थांबवून चालवण्याची सोय जास्तीची घातली होती. वेग कमी करायलाच वेगळी मेहनत!

पण बघा, या दोन्ही व्यवहारांना शेवट होता. प्रवास संपला की तिकिटाचा हिशेब संपला. प्रिंटर संथ असेल, पण एकदा घरी आला की तो तुमचा. त्याच्यापर्यंत कंपनीचा हात पोहोचत नव्हता.

हा हात लांब झाला तो बिनतारी जोडणीमुळे. 1996 मध्ये जनरल मोटर्सनं 'ऑनस्टार' ही सेवा आणली. गाडीतलं बटण दाबायचं, पलीकडे माणूस बोलतो, अपघात झाला तर मदत पाठवतो. त्याची वर्गणी होती, आणि ती रास्तही होती. माणसांचे पगार, फोनचं जाळं, हे खर्च चालूच असतात ना. पण 2008 च्या सुरुवातीला अमेरिकेतलं जुनं ॲनालॉग मोबाइल जाळं बंद व्हायला लागलं, आणि जुन्या गाड्यांमधली ती बटणं निकामी झाली. गाडी धडधाकट, बटण मात्र मेलेलं.

मग आलं 2022. बीएमडब्ल्यूनं ब्रिटनमध्ये गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याला 15 पौंड मागितले. सीटमधल्या तारा कारखान्यातच बसवलेल्या, वीज गाडीच्याच बॅटरीची. इथे कुणाचा पगार आणि कसलं जाळं? लोक भडकले. 2023 मध्ये कंपनीनं माघार घेतली. लोकांना दोनदा पैसे दिल्यासारखं वाटतं, पण तसं ते नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सगळ्या गाड्यांना एकसारखी जोडणी केली की कारखान्याचा खर्च वाचतो. जुनी गाडी घेणाऱ्याला नंतर सोय वाढवता येते. कुणाला फक्त एका हिवाळ्यापुरती हवी, तर तेवढीच घेता येते.

म्हणूनच ही कल्पना मेली नाही. 2025 मध्ये ब्रिटनमध्ये फोक्सवॅगनच्या आयडी.3 गाडीची पूर्ण ताकद हवी असेल तर महिन्याला साडेसोळा पौंड, किंवा कायमसाठी एकदाच 649 पौंड, असा दर निघाला. मोटर तीच हं!

आपल्याकडेही सिमकार्ड असलेल्या गाड्या 2019 पासून चांगल्याच रुळल्या आहेत. पहिली काही वर्षं सेवा मोफत, पुढे वर्गणी. तेव्हा शोरूममध्ये एक प्रश्न जरूर विचारा: ही सोय चालू ठेवायला कंपनीला दर महिन्याला काही खर्च येतो का? येत असेल, तर ती सेवा आहे, तिचे पैसे द्यायला हरकत नाही. येत नसेल, तर आपण आपल्याच वस्तूचं भाडं भरतोय.

आणि इर्माची आठवण ठेवा. जो हात लांबून कुलूप उघडू शकतो, तोच ते लावूही शकतो. द्युपुईच्या काळातल्या प्रवाशाला निदान दिसत तरी होतं, की आपल्या डब्याला छप्पर नाही. आपल्या डब्याला छप्पर आहे. ते मिटून ठेवलंय, आणि उघडायचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे.

आज इथेच थांबूया. भेटू पुढच्या भागात.